स्वस्त ऑस्ट्रेलियन वाइन घरी कशी चाखावी: खरेदीपासून नोंदवहीपर्यंत

दहा ते वीस ऑस्ट्रेलियन डॉलरच्या बाटल्यांबद्दल घरोघरी जी मतं बनतात, त्यांतली बरीचशी त्या वाइनबद्दल नसतातच. शिराझ ही रेड वाइन कोमट झालेली असते म्हणून जळजळीत लागते. शार्डोने ही व्हाइट वाइन थेट फ्रीजमधून ग्लासात येते म्हणून पाणचट वाटते. हिरव्या मिरचीच्या भज्यानंतर घेतलेला रेड वाइनचा घोट तर कडू लागणारच. मग ती बाटली यादीतून कायमची बाद होते आणि पुढच्या वेळी लेबलाचं चित्र बघून दुसरी घेतली जाते.

खालची पद्धत सहा बाटल्या आणि सहा ते आठ माणसं धरून दिली आहे. मेलबर्न, सिडनी, ॲडलेड, पर्थला राहणाऱ्यांना हे सगळं जवळच्या बॉटल शॉपमध्ये (दारूच्या दुकानात) मिळेल. मुंबई-पुण्यात निवड कमी आणि भाव बराच चढा असतो. डिसेंबर २०२२ पासून लागू असलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारात जकातीची सवलत ५ अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त आयात किमतीच्या बाटलीलाच आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियातली खरोखर स्वस्त बाटली भारतात सवलतीबाहेरच राहते. भारतात करणाऱ्यांनी सहाऐवजी दोन बाटल्यांची एकच जोडी घेतली तरी पद्धत तीच.

१. काय चाखायचं ते आधी ठरवा

दुकानात जाऊन "सहा वेगवेगळ्या द्या" म्हणणं ही पहिली चूक. एक रोझे, एक पिनो न्वार, एक मोस्काटो, एक शिराझ असं गोळा केलं की एकीची दुसरीशी तुलनाच होत नाही. मग "ही आवडली, ती नाही" यापलीकडे हाती काही लागत नाही. दुसरं टोक म्हणजे सहाही शिराझ. तिसऱ्या ग्लासानंतर सगळ्या सारख्याच लागतात.

जोड्या लावा. प्रत्येक जोडीत शक्यतो एकच गोष्ट बदलू द्या. पहिल्यांदा करताना या तीन जोड्या पुरतात:

पहिली जोडी: क्लेअर व्हॅलीची रीझलिंग आणि हंटर व्हॅलीची सेमिलॉन. रीझलिंग आणि सेमिलॉन ही द्राक्षांची नावं. दोन्ही वाइन व्हाइट, कोरड्या (म्हणजे गोड नसलेल्या), हलक्या आणि लाकडाचा स्पर्श नसलेल्या. प्रदेश वेगळे आहेत खरे, पण जाणवतो तो फरक मुख्यतः द्राक्षाचा.

दुसरी जोडी: दोन शार्डोने. एक लाकडाशिवाय बनवलेली, दुसरी ओकच्या पिंपात किंवा ओकच्या फळ्या-ढलप्यांसोबत मुरवलेली. मागच्या लेबलवर बहुधा लिहिलेलं असतं, नसेल तर दुकानदाराला विचारा.

तिसरी जोडी: दोन शिराझ. एकीवर प्रदेश म्हणून "साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया" लिहिलेलं, दुसरीवर "बरोसा".

पुढच्या वेळी कूनावारा आणि मार्गारेट रिव्हर इथल्या दोन कॅबर्ने सोव्हिन्यों घ्या, किंवा बरोसाच्या शिराझशेजारी व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्सची ठेवा. क्लेअर आणि एडन व्हॅलीच्या रीझलिंगमधला फरक मात्र बारीक आहे, तो पहिल्याच बैठकीत शोधू नका.

*तपासा:* एका जोडीतल्या दोन बाटल्यांच्या किमतीत पाचेक डॉलरपेक्षा जास्त अंतर नको. किंमतच तपासायची असेल तर गोष्ट वेगळी, पण मग द्राक्ष, प्रदेश आणि वर्ष एकच ठेवा.

माझं मत विचाराल तर या किमतीत रीझलिंग आणि सेमिलॉन हा सगळ्यात सरळ सौदा आहे. महागडी पिंपं लागत नाहीत, त्यामुळे पैसे द्राक्षावर खर्च होतात. पिनो न्वार सगळ्यात जोखमीची. तिला थंड हवा लागते, उत्पन्न कमी ठेवावं लागतं, आणि बारा डॉलरमध्ये हे क्वचितच जमतं.

२. लेबल वाचून खरेदी

समोरचं लेबल विकण्यासाठी असतं. कामाची माहिती छोट्या अक्षरांत असते, आणि ती या क्रमाने बघावी.

प्रदेश. "साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया" ऐकायला एखाद्या खोऱ्याचं नाव वाटतं. प्रत्यक्षात त्यात अख्खं न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया आणि शिवाय साउथ ऑस्ट्रेलिया व क्वीन्सलँडचा काही भाग येतो. अशी वाइन अनेक ठिकाणची द्राक्षं मिसळून बनवता येते आणि तिची बरीच द्राक्षं रिव्हरलँड, मरे डार्लिंग, रिव्हरिना अशा उष्ण, पाटाच्या पाण्यावरच्या भागांतून येतात. वाईट असं काही नाही, पण तिच्यात एखाद्या जागेची खूण शोधू नका.

८५ टक्क्यांचा नियम. लेबलवर एकच द्राक्ष, एकच प्रदेश किंवा एकच वर्ष लिहिलं असेल तर त्यातलं किमान ८५ टक्के तरी खरंच ते असावं लागतं. दोन-तीन द्राक्षांची नावं असतील तर ज्याचं प्रमाण जास्त ते आधी. म्हणजे "शिराझ कॅबर्ने" आणि "कॅबर्ने शिराझ" या दोन वेगळ्या वाइन आहेत.

वर्ष. तिथला द्राक्षतोडणीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, त्यामुळे त्याच वर्षाची ताजी व्हाइट वाइन वर्षअखेरीच्या आत दुकानात येते. स्वस्त सोव्हिन्यों ब्लाँ किंवा रोझे दोन वर्षांच्या आतलीच घ्या. चांगली रीझलिंग आणि सेमिलॉन मात्र याला अपवाद, त्या वर्षानुवर्षं टिकतात.

अल्कोहोल. हंटर सेमिलॉन बहुधा १० ते ११.५ टक्के, क्लेअर रीझलिंग १२च्या आसपास, बरोसा शिराझ १४ ते १५. हा आकडा वाइनच्या अंगाचा, म्हणजे ती तोंडात किती जड लागते याचा, अंदाज देतो आणि पुढे वाइनचा क्रम लावताना उपयोगी पडतो.

"रिझर्व्ह", "बिन अमुक" (Bin आणि पुढे एखादा आकडा), "ओल्ड व्हाइन" (जुने वेल). ऑस्ट्रेलियात या शब्दांना कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

पदकाची चकती. ऑस्ट्रेलियन वाइन स्पर्धांत १०० पैकी ९५ आणि वर सुवर्ण, ९० ते ९४ रौप्य, ८५ ते ८९ कांस्य अशी पद्धत आहे. चकतीवर स्पर्धेचं नाव आणि साल वाचा. पदक या वर्षीच्या वाइनला आहे की कंपनीला कधीकाळी मिळालं होतं, हे तिथेच कळतं.

शाकाहारी वाचकांसाठी वेगळी सूचना. वाइन नितळ करायला अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशापासून काढलेलं इझिंग्लास वापरतात. अंडं आणि दूध यांचा उल्लेख ॲलर्जीच्या सूचनेत सापडू शकतो. इझिंग्लासला त्या सूचनेतून सूट आहे आणि जिलेटिन त्या यादीतच नाही. म्हणून सूचना दिसली नाही म्हणजे वाइन शाकाहारी, असं समजू नका. "व्हीगन" असा स्पष्ट उल्लेख शोधा. "प्रिझर्व्हेटिव्ह २२०" म्हणजे सल्फर डायऑक्साइड. तो जवळपास प्रत्येक बाटलीवर दिसेल, पण दमा असलेल्यांनी त्याकडे लक्ष द्यावं.

*सावधान:* दाराशी ठेवलेल्या "शेवटच्या बाटल्या, निम्म्या भावात" या टोपलीत तीन-चार वर्षांपूर्वीची सोव्हिन्यों ब्लाँ सर्रास असते. भाव उतरला, कारण वाइनही उतरली आहे. शिराझ किंवा कॅबर्ने असेल तर मात्र ती टोपली जरूर चाळा.

सहा बाटल्या एकत्र घेतल्या की बऱ्याच दुकानांत दर कमी होतो, वेगवेगळ्या असल्या तरी. बिलाआधी विचारून घ्या.

३. खोली, ग्लास आणि स्वयंपाकघर

मराठी घरात चाखण्याचा बेत फसतो तो बहुतेक वेळा इथे. पाहुणे येणार म्हणून आतमध्ये तळण चाललेलं असतं, बाहेर उदबत्ती लावलेली असते आणि येणारे परफ्यूम मारून येतात. वाइनची चव मोठ्या अंशी नाकात कळते. फोडणीच्या वासात रीझलिंगचा वास शोधणं म्हणजे ढोलताशात तानपुरा ऐकणं.

- तळण, फोडणी, धूप, उदबत्ती, सुगंधी मेणबत्ती हे सगळं चाखण्याच्या दोन तास आधी आवरा. एक्झॉस्ट चालू ठेवा, खिडक्या उघडा.
- येणाऱ्यांना आधीच सांगा: अत्तर-परफ्यूम नको, आणि तासभर आधीपासून टूथपेस्ट, कॉफी, पान-बडीशेप नको. टूथपेस्टनंतर कुठलीही वाइन आंबट-कडू लागते.
- ग्लास काचेचे, दांड्याचे, वरून थोडे निमुळते. महागडे नकोत, पण सगळे एकसारखे हवेत. वेगळ्या आकाराच्या ग्लासात तीच वाइन वेगळी वाटते आणि तुलनाच मोडते. जोडीने चाखायचं तर माणशी दोन ग्लास धरा.
- ग्लास गरम पाण्याने धुऊन उपडे सुकवा. स्वयंपाकघरातल्या फडक्याने पुसू नका, त्याला हिंग-हळदीचा वास असतो आणि तो काचेला लागतो.

*तपासा:* रिकाम्या ग्लासात नाक घालून हुंगा. साबणाचा, कपाटाचा किंवा खोक्याचा वास आला तर पुन्हा खळबळून घ्या. शेवटी त्यात चमचाभर वाइन फिरवून ओतून दिली की ग्लास तयार.

टेबलावर पांढरा कागद (रंग बघायला), साधं पाणी, बिनमिठाची बिस्किटं किंवा साधा पाव, प्रत्येकाला पेन आणि कागद, आणि थुंकण्यासाठी प्रत्येकी एक अपारदर्शक कागदी कप एवढंच ठेवा. चकली, चिवडा, चीज नंतर. चीज तर खास नको. त्यातली चरबी आणि मीठ तुरटपणा झाकतात आणि सुमार रेडही गुळगुळीत वाटायला लागते.

४. तापमान

एवढी एकच पायरी नीट केली तरी अर्धं काम झालं. "रेड वाइन खोलीच्या तापमानाला" हा नियम थंड दगडी घरांतला आहे. ॲडलेडच्या जानेवारीत किंवा पुण्याच्या एप्रिलमध्ये खोली ३० अंशांवर असते. त्या तापमानाला १४.५ टक्क्यांची शिराझ म्हणजे नाकात चढणारा नुसता अल्कोहोल.

ग्लासात असताना हवं ते तापमान, सेल्सियसमध्ये:

- स्पार्कलिंग (बुडबुड्यांची): ६ ते ८
- रीझलिंग, सेमिलॉन, सोव्हिन्यों ब्लाँ: ८ ते १०
- शार्डोने: १० ते १२
- पिनो न्वार, ग्रेनाश: १३ ते १५
- शिराझ, कॅबर्ने: १६ ते १८

घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो. म्हणून व्हाइट वाइन रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून चाखण्याआधी बाहेर काढा: रीझलिंग-सेमिलॉन १० ते १५ मिनिटं आधी, शार्डोने २५ ते ३० मिनिटं आधी. रेड वाइन उलट फ्रीजमध्ये ठेवून काढा: खोली तिशीत असेल तर दीड तास तरी. घाई असेल तर बर्फ आणि पाणी अर्धंअर्धं घातलेल्या बादलीत व्हाइट २० मिनिटांत गार होते. नुसत्या बर्फात याहून जास्त वेळ लागतो, कारण बाटलीभोवती हवेच्या फटी राहतात.

*तपासा:* स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ग्लासात ओतलेल्या वाइनमध्ये बुडवा. बाटलीतून ग्लासात येताना दोनेक अंश वाढतात, तेवढं धरून बाटली जरा जास्त गार ठेवा.

*सावधान:* फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर वाइन गोठून झाकण सैल होतं किंवा बाटली तडकते. ठेवायचीच तर मोबाइलवर गजर लावा.

५. उघडा, तपासा, झाका

बाटल्या उघडायचं काम एकाकडेच द्या. या माणसाला वाइन ओळखू येणार, म्हणून त्याची मतं वेगळी ठेवा.

बहुतेक ऑस्ट्रेलियन बाटल्यांना बुचाऐवजी स्क्रूकॅप, म्हणजे फिरवून उघडायचं झाकण, असते. हे स्वस्तपणाचं लक्षण नाही, क्लेअरच्या रीझलिंग उत्पादकांनी २००० सालच्या वाइनपासून ती मुद्दाम स्वीकारली. बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास तिच्यामुळे जवळपास टळतो. पण घट्ट बंद बाटलीत दुसरा दोष येऊ शकतो: उघडताच जळकी काडेपेटी, रबर किंवा सडक्या अंड्याचा वास. बाटली लगेच परत करायला धावू नका. वाइन काचेच्या जगमध्ये जोरात ओता आणि २० ते ३० मिनिटं ठेवा. बहुतेक वेळा वास उडून जातो. नाही गेला तर ग्लासभर वाइनमध्ये घासून लख्ख केलेला तांब्याचा चमचा अर्धा मिनिट फिरवा. वास पटकन कमी झाला तर दोष गंधकाचा आहे हे पक्कं. ही फक्त चाचणी. ती वाइन पिऊ नका, आणि तांब्याच्या भांड्यात वाइन कधीच ओतून ठेवू नका, आम्लामुळे तांबं त्यात उतरतं.

परत करण्यासारखे दोष: ओला पुठ्ठा, ताज्या व्हाइटला तपकिरी रंग आणि कापलेल्या शिळ्या सफरचंदाचा वास, नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा झणका.

दोष नसलेल्या, पण हमखास दोष समजल्या जाणाऱ्या गोष्टी:

- रीझलिंगला येणारा रॉकेलचा वास. उन्हात वाढलेल्या रीझलिंगमध्ये तो लवकर येतो. आवडणं न आवडणं तुमचं.
- व्हाइटच्या तळाशी साखरेसारखे खडे. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी.
- ताज्या रीझलिंगमध्ये जिभेला जाणवणारे बारीक बुडबुडे.
- रेडला निलगिरी किंवा पुदिन्याचा वास. मळ्याच्या कडेला निलगिरीची झाडं असतील तर तो तिथूनच येतो.

आता झाकणं फेकून द्या, कारण त्यावर नाव असतं. प्रत्येक बाटली खाकी कागदी पिशवीत घाला, गळ्याशी चिकटपट्टी किंवा रबरबँड लावा आणि पिशवीवर जाड पेनाने क्रमांक टाका. बाटलीचा आकारही चुगली करतो: रीझलिंगची बाटली उंच आणि सडपातळ असते. तेवढं चालवून घ्या, किंवा सगळ्या वाइन एकसारख्या जगमध्ये ओता. झाकायचा कंटाळा करू नका. लेबल दिसलं की लोक किंमत चाखतात.

६. क्रम आणि माप

हलक्याकडून जडाकडे, कोरड्याकडून गोडाकडे. आपल्या सहा बाटल्यांचा क्रम असा: सेमिलॉन, रीझलिंग, बिनलाकडी शार्डोने, लाकडी शार्डोने, साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलियाची शिराझ, बरोसा शिराझ. शिराझमध्ये अल्कोहोलचा आकडा उलटा निघाला तर कमीवाली आधी.

एका वेळी ४० मिली ओता, जास्त नाही. सहा वाइन मिळून माणशी २४० मिली होतात. सरासरी १३.५ टक्के धरले तर सगळं गिळणाऱ्याच्या पोटात साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल जातं. ऑस्ट्रेलियात १० ग्रॅमचं एक स्टँडर्ड ड्रिंक मोजतात, म्हणजे अडीच ड्रिंक. प्रत्येक बाटलीवर तिच्यात किती स्टँडर्ड ड्रिंक आहेत ते छापलेलं असतं. तिथली आरोग्यविषयक शिफारस निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४ आणि आठवड्याला १० यापेक्षा जास्त नको अशी आहे.

*सावधान:* ऑस्ट्रेलियात पूर्ण परवानाधारकाला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, शिकाऊ आणि प्रोबेशनरी (नवा परवाना मिळालेल्या) चालकांना शून्य. गाडी चालवणाऱ्याने फक्त हुंगावं. गर्भवतींनी हुंगण्यापुरतंच सहभागी व्हावं.

आठ जणांना ४० मिली म्हणजे बाटलीतले ३२० मिली गेले. उरलेले ४३० जेवणाच्या फेरीसाठी राखून ठेवा, संपवू नका.

७. प्रत्यक्ष चाखणं

जोडीतले दोन्ही ग्लास एकदम समोर घ्या आणि पहिली दहा मिनिटं कोणीही बोलू नका. मोठ्याने पहिला "स्ट्रॉबेरी" म्हणणारा सगळ्यांच्या नाकात स्ट्रॉबेरी घालतो.

१. रंग. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा. यावर दहा सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका, या किमतीत रंग फारसं सांगत नाही.

२. न हलवता वास. गंधकासारखे उडून जाणारे वास इथेच पकडता येतात. हलवल्यावर ते निघून जातात.

३. फिरवून वास. ग्लास टेबलावरच ठेवून गोल फिरवा. लांब श्वास ओढू नका, दोन-तीन छोटे हुंगा. नाक थकलं तर कॉफीचे दाणे नकोत, स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या.

४. घोट. दोन चमचे. पाच सेकंद सगळ्या तोंडात फिरवा, मग थुंका किंवा गिळा.

५. मोजमाप. आता चार गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

*आम्ल:* थुंकल्यावर मान किंचित खाली करा. जबड्याच्या कडेने लाळ किती सुटते ते बघा.

*टॅनिन:* जीभ हिरड्यांवरून फिरवा. आवळ्यासारखा, कच्च्या केळ्यासारखा कोरडेपणा जाणवतो तो टॅनिनचा. आंबट आणि तुरट यांत गल्लत होते. आंबटाने तोंड ओलं होतं, तुरटाने कोरडं.

*साखर:* सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पिकलेल्या फळाचा वास आला की मेंदू गोड म्हणून टाकतो. नाक चिमटीत बंद करून घोट घ्या. तरीही गोड लागलं तर साखर आहे. नाक सोडल्यावरच गोड वाटलं तर ते फळ आहे. लोकप्रिय स्वस्त रेडमध्ये थोडी साखर राखलेली असते, ती पहिल्या घोटाला आवडते आणि दुसऱ्या ग्लासाला कंटाळवाणी होते.

*अल्कोहोल:* घशाशी किती गरम लागतं.

६. टिकाव. थुंकल्यापासून चव किती सेकंद राहते ते मनात मोजा. चार-पाच सेकंदांत सपाट झाली तर वाइन साधी. दहाच्या पुढे गेली तर त्या किमतीला उत्तम. आधी व्हॅनिला आणि नारळाचा जोरदार वास, मग मध्ये काहीच नाही, असं झालं तर लाकडाने उणीव झाकली आहे असं समजा.

एकाला काळ्या मिरीचा वास येतो आणि शेजाऱ्याला अजिबात नाही, यावरून वाद घालू नका. थंड भागातल्या शिराझला मिरीचा वास देणारं रोटंडोन हे मिरीतच असलेलं द्रव्य. साधारण पाचातल्या एकाला त्याचा वास जवळपास येतच नाही.

दोन वाइनच्या मध्ये पाण्याचा घोट आणि पावाचा तुकडा. जोडी संपली की पहिली पुन्हा एकदा चाखा. दुसरी घेतल्यावर पहिली बदललेली लागते, आणि खरा निर्णय या परतीच्या घोटावर होतो.

८. नोंद कशी लिहायची

"छान", "स्मूद", "बरी" हे शब्द कागदावर येऊ देऊ नका. महिन्याभराने त्यावरून काही आठवत नाही. परक्या फळांची नावं उसनी आणायचीही गरज नाही. ब्लॅककरंट कधी खाल्लंच नसेल तर करवंद किंवा जांभूळ लिहा. ईडलिंबाची साल, कच्ची कैरी, पेरू, कोकम, लवंग, भाजलेला पाव, लोणी, पावसाने भिजलेली माती हे शब्द तुमच्या नाकाला माहीत आहेत, म्हणून तेच उपयोगी पडतात.

साचा पाच ओळींचा. नमुना बघा:

> क्र. २, ९ अंश. वास: ईडलिंबाची साल, ओला दगड, मागे किंचित रॉकेल.
> तोंडात: आम्ल जोरदार, साखर नाही, हलकं अंग. गरम लागत नाही.
> टिकाव: ९-१० सेकंद, शेवटी लिंबाच्या बीसारखा कडवटपणा.
> जोडीतल्या क्र. १ पेक्षा: वास जास्त, अंग थोडं भरलेलं.
> मी किती देईन: १८ डॉलर. परत घेईन का: हो, मासळीसोबत.

चौथी ओळ सोडू नका, सगळी मेहनत तिच्यासाठी आहे. शंभरपैकी गुण देण्याच्या भानगडीत पडू नका. ८७ आणि ८९ मधला फरक घरी कोणालाच सांगता येत नाही. "किती पैसे देईन" हा आकडा मात्र प्रत्येकजण प्रामाणिकपणे लिहितो. सगळ्यांचं लिहून झालं, अंदाज वाचून झाले, की मगच पिशव्या काढा. पिशवी काढल्यावर नोंद दुरुस्त करायला बंदी. खऱ्या किमतीपेक्षा बहुतेकांचा आकडा वर गेला असेल, ती बाटली पुढच्या वेळी घ्यायची.

९. जेवणासोबत दुसरी फेरी

आता स्वयंपाकघर सुरू करा. तिखटामुळे अल्कोहोलची जळजळ आणि टॅनिनचा तुरटपणा दोन्ही वाढतात, म्हणून तांबडा रस्सा आणि १४.५ टक्क्यांची शिराझ ही जोडी दिसते तशी सोपी नाही. तिखट जेवणाला कमी अल्कोहोलच्या आणि आम्ल असलेल्या वाइन बऱ्या: तळलेली सुरमई, कोळंबी किंवा कोथिंबीरवडीला सेमिलॉन आणि रीझलिंग. लाकडी शार्डोने काजूची उसळ किंवा नारळाच्या दुधातल्या कालवणाबरोबर खुलते. शिराझसाठी कमी तिखटाचं, जास्त खोबऱ्या-खसखशीचं सुकं मटण किंवा भरलं वांगं करा.

*सावधान:* गोड पदार्थाबरोबरची वाइन त्या पदार्थापेक्षा गोड असली पाहिजे. पुरणपोळीबरोबर कोरडी रेड घेतली तर ती आंबट आणि पोकळ लागते. गोडाबरोबर द्यायचीच तर रदरग्लेनची मस्कॅट छोट्या बाटलीत मिळते. ती साधारण १७-१८ टक्क्यांची असते, म्हणून ३० मिली पुरे.

पहिल्या फेरीतली नावडती वाइन जेवणाबरोबर आवडली तर दोन्ही नोंदी ठेवा. आधीची खोडू नका.

१०. उरलेल्या बाटल्या

झाकणं फेकली असतील तर कुठल्याही जुन्या बाटलीचं स्क्रूकॅप बहुधा बसतं, नाहीतर स्वच्छ बूच लावा. आणखी चांगलं म्हणजे उरलेली वाइन ३७५ मिलीच्या रिकाम्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा राहत नाही. रेडसुद्धा फ्रीजमध्येच ठेवा आणि पिण्याआधी तासभर तरी बाहेर काढा. व्हाइट तीन ते पाच दिवस, रेड दोन ते चार दिवस चांगली राहते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकीचा एक घोट घेऊन नोंदीखाली एक ओळ वाढवा. गोडसर, गुळगुळीत रेड एका रात्रीत बहुधा बसते. जी दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी लागली, तिच्या सहा बाटल्या एकदम घ्यायला हरकत नाही. त्या थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा, गॅसच्या शेगडीवरच्या फडताळात नको.